उसवले की पिकले

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — आईला नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच. सुमनला, माझ्या बायकोला, जाऊन सात महिने झाले. गेले काही आठवडे मी रोज चार ओळी लिहितो आणि त्यातल्या तीन खोडतो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच बहुधा तुमच्याशी बोलायला जमतं आहे.

कुठून सुरुवात करू? भातापासून केली तर तुम्हाला हसू येईल. आकड्यांपासून करतो.

वाशीच्या एका इस्पितळात मी नोंदींच्या खोलीत कारकून होतो. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. खाडीपलीकडची ही वसाहत तेव्हा निम्मी बांधलेली आणि निम्मी नुसती आखलेली होती. सेक्टरांना आकडे होते, झाडं नव्हती. माझ्या खोलीतही आकडेच. टेबलावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असायचं. माणसाला होऊ शकणाऱ्या प्रत्येक आजाराला, प्रत्येक इजेला त्यात एक आकडा दिलेला. शिडीवरून पडलात तरी आकडा, बैलाने ढुशी मारली तरी आकडा. रोगी घरी गेला की त्याचा कागद माझ्याकडे येई. डॉक्टरांनी शेवटी काय लिहिलंय ते वाचायचं, पुस्तकात शोधायचं, कोपऱ्यात लाल शाईने आकडा टाकायचा आणि लाकडी खणातलं त्या आकड्याचं कार्ड काढून त्यावर रोग्याचा क्रमांक उतरवायचा. प्रत्येक आकड्याला एक कार्ड. बस, एवढंच काम.

बरोबरच्या लोकांना ते कंटाळवाणं वाटे. मला वेड लागलं. मी बी. ए. झालेला, पुस्तकातला माणूस. आणि हे असं पुस्तक, ज्यात जगातल्या सगळ्या दुर्दैवांना रांगेत उभं केलंय! मी एक वही केली. इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्द लिहायचा — कुणी सांगितलं म्हणून नाही, हौस म्हणून. बाळंतपणानंतरच्या जखमांचं त्यात एक लहानसं कुटुंब होतं. सहाशे चौऱ्याहत्तर दशांश एक : सिझेरियनची जखम उघडी पडणे. दशांश दोन : खालचे टाके उघडे पडणे. दशांश तीन : इतर — म्हणजे पू होणं, रक्त साकळणं, जे वरच्या दोहोंत बसत नाही ते सगळं.

पहिल्या दोघांपुढे मी वहीत लिहिलं, ‘उसवणे’. शब्द सापडल्याचा मला फार आनंद झाला होता, हे आठवतं. आमच्या परभणीकडच्या गावात टाक्यांना हे क्रियापद कधी ऐकलं नव्हतं. आई म्हणायची, टाके ‘पिकतात’. बाई ओली असते, पथ्य मोडते, आणि टाके पिकतात. मी बसल्या बसल्या विचार केला — उसवणं शिवणाऱ्याकडे बोट दाखवतं, आणि पिकणं त्या बाईकडे. केवढा फरक! वहीत मी त्याखाली रेघही ओढली.

तेव्हा मला कुठे ठाऊक होतं, या फरकाचं मी काय करणार आहे ते.

दशांश एकचं कार्ड जवळजवळ कोरं होतं. महिनोन्‌महिने एखादी ओळ. मग एका महिन्यात त्यावर पाच ओळी पडल्या. पाच! मी कार्ड उजेडात धरून पाहिलं, जणू शाईच फसवत असावी. कारकुनाने पुढे काही करायचं नसतं. पण मला राहवेना. एका कागदावर सही राहिली आहे असं निमित्त काढून मी बाळंतिणींच्या वॉर्डात गेलो.

तिथे थॉमस सिस्टर होत्या. केरळच्या. पंधरा वर्षं मुंबईत काढलेली, मराठी पाठ, फक्त लिंगांचा घोळ. रोजचं ड्रेसिंग त्यांच्याकडे. मी कार्डाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मला पडद्यामागे खेचलं.

“रेकॉर्डवाला, तू पहिला माणूस विचारणारा. अरे, नवीन खोक्यातला धागा आहे ना, आतला, तो कच्चा आहे. वरचा टाका नुसता दाखवायला. पोट धरून ठेवतो तो आतला धागा. मी थिएटरमध्ये सांगितली. म्हणतात, सिस्टर, तुम्ही पट्टी बांधा. तू कागदावर लिही. माझा कोण ऐकतो? कागदाचा ऐकतात.”

“लिहितो, सिस्टर.”

मी त्यांना विचारत राहिलो — पिकलेलं आणि उसवलेलं ओळखायचं कसं? त्यांनाही शिकवायला आवडे. पिकलं तर ताप येतो, भोवती लाल होतं, ठणकतं, वास येतो. उसवलं तर यातलं काही नाही. बाई चांगली असते. सातव्या-आठव्या दिवशी खोकते किंवा उठून बसते, आणि एकदम तांबूस पाणी येतं. वाडगाभर. पू नाही — पाणी. मग त्या पोकळीत औषधात भिजवलेली पट्टी भरायची, रोज बदलायची, आतून लाल मांस धरेपर्यंत वाट पाहायची, आणि मग पुन्हा शिवायचं. महिना जातो, कधी दोन.

खिडकीपाशी करावे गावची हिराबाई होती, तिचं असंच झालेलं. मी तिला विचारलं, कसं झालं?

“तू डाक्टर हाय का, भाऊ?”

“नाही. कारकून.”

“मंग तुला कशाला दाखवू माजं प्वाट?” सगळा वॉर्ड हसला. मग तिनेच सांगितलं, “काय नाय रं. ताप नाय, दुखनं नाय. खोकले, आनि भस्सकन पानी आलं.”

मी आनंदाने खोलीवर परतलो. आनंदाने — हा शब्द मी बदलणार नाही. कोडं सुटलं होतं.

महिनाअखेरीचा तक्ता मीच टाइप करायचो. कच्च्या तक्त्यात दशांश एकपुढे मी पाच लिहिले. आमचे साहेब वरवर वाचत होते, त्यांचं बोट तिथे थांबलं. “हे पाच कुठून आले? कागद नीट वाचलेत ना?” एवढंच म्हणाले. बदल असं ते म्हणाले नाहीत. रागावलेसुद्धा नाहीत. पण त्यांच्या टेबलावर त्याच आठवड्यात माझ्या कायम होण्याचा कागद सहीसाठी पडलेला होता, आणि सर्जन त्यांच्याबरोबर जेवायला बसत.

मी कागद पुन्हा वाचले. दोनांवर डॉक्टरांनी जखम उघडल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. तीनांवर मोघम, ‘जखमेची गुंतागुंत’. मोघम असेल तर डॉक्टरांना विचारायचं, हा नियम. मी विचारलं नाही. ते तीन ‘इतर’मध्ये टाकले. आणि मग — हात एकदा वळला की काय होतं? — स्पष्ट लिहिलेल्या दोनांतलाही एक टाकला. तक्त्यात उरला एक. एकाला कुणी विचारत नाही. धाग्याबद्दल मी कुठेही अक्षर लिहिलं नाही. आठ दिवसांनी मी कायम झालो.

हा माझा अपराध, असं तुम्हाला वाटलं असेल. हा आहेच. पण मी सांगायला बसलोय तो हा नव्हे. अजून तिथे पोचलो नाही.

सुमनला तेव्हा नववा महिना लागला होता. ती चिपळूणकडची. आम्ही दोघंही बौद्ध, दोन्हीकडे सारखंच सगळं, एक जेवण सोडलं तर. तिच्याकडे भात, आमच्याकडे भाकरी. भाताशिवाय जेवण म्हणजे तिला न्याहारी वाटे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई हयात नव्हती, म्हणून गावाहून माझी आई आली. येताना ज्वारीचं पीठ, डिंक, आणि पथ्याची सगळी यादी तोंडपाठ. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, “बाळंतिणीला भात नाही. भात गार असतो. त्यानं टाके पिकतेत.”

कळा सुरू झाल्या तेव्हा मी सुमनला माझ्याच इस्पितळात आणलं. दुसरीकडे नेता आलं असतं. ठाण्याला तिचा मामा होता. वॉर्डाच्या दारात थॉमस सिस्टर भेटल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. “तू लिहिलास ना, धाग्याचा?”

“हो,” मी म्हणालो.

“मग झालं. आता बदलला असेल.” आणि त्या सुमनचा हात धरून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, मूल अडलंय, सिझेरियन करावं लागेल. संमतीचा कागद माझ्यापुढे ठेवला. पेन माझंच, लाल शाईचं. नर्सने निळं दिलं. मी सही केली. डोक्यात काय होतं? तुम्हाला खरं वाटणार नाही, पण डोक्यात तो तक्ता होता. महिन्यात एक. एकच तर. जो आकडा मी स्वतः खोटा केला होता, त्यानेच मला धीर दिला. या गोष्टीचं मला आजही नवल वाटतं. भीतीचं कळतं, भीती सगळ्यांना असते. पण आपणच लिहिलेलं खोटं इतक्या लवकर आपल्याला खरं कसं वाटतं?

मुलगी झाली. गोरी, डोक्यावर भरपूर जावळ. सगळं छान होतं. सुमनला खाट मिळाली ती हिराबाईच्या शेजारची. दोघींची गट्टी जमली. आई सकाळी भाकरी आणि मेथी घेऊन यायची, दुपारी घरी जायची; आणि हिराबाईचा डबा करावेहून दुपारी यायचा.

सातव्या दिवशी वरचे टाके काढले. आठव्या दिवशी दुपारी मी वॉर्डात बसलो होतो. हिराबाईने आईची सकाळची भाकरी हातात घेतली, खाटेच्या कडेवर वाजवली आणि म्हणाली, “ही भाकर हाय का कौल गो? तुज्या सासूनं घर शाकारलं वाटतं!” सुमन हसली. हसता हसता तिने पोट धरलं, आणि तिचा चेहरा बदलला. चादर भिजली होती. तांबूस पाणी.

ताप नव्हता. लाली नव्हती. वास नव्हता. त्या खोलीत ते काय आहे हे जाणणारे दोघंच — थॉमस सिस्टर आणि मी. सिस्टरांनी स्वच्छ कापड दाबून धरलं, पोट आवळून बांधलं आणि माझ्याकडे बघितलं. “लिहिलास, तरी हे! कागदपण नाही वाचत हे लोक.” संशय त्यांना शिवलासुद्धा नाही.

आता येतोय मी तिथे.

संध्याकाळी सुमन जरा सावरली. पांढरीफटक पडली होती. तिने मला जवळ वाकायला सांगितलं.

“अहो, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“नाही. सांग.”

“मी भात खाल्ला. दोन दिवस. हिराबाईंच्या डब्यातला, मांदेलीच्या कालवणाबरोबर. आईंनी सांगितलं होतं तरी खाल्ला. म्हणून झालं हे.” आणि ती रडायला लागली, रडताना पोट हलू नये म्हणून दोन्ही हातांनी ते धरून.

मला काय माहीत होतं ते तुम्हाला माहीत आहे. भाताचा काही संबंध नव्हता. हिराबाईच्या गावच्या बायका बाळंतपणात भात आणि मासेच खातात आणि त्यांची पोटं नीट जुळतात. कच्चा धागा होता; तो मला ठाऊक होता; त्याच्यावरचा कागद मी लिहिला नव्हता. एक वाक्य पुरलं असतं. तिने सगळं माझ्या हातात आणून दिलं होतं.

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणालो, “असू दे.”

या दोन शब्दांचा मी जितका विचार केलाय तितका कशाचाच नाही. ‘असू दे’ आपण कुणाला म्हणतो? ज्याच्या हातून चूक झाली त्याला. मी तिला क्षमा केली. जे तिने केलं नव्हतं, जे मी केलं होतं, त्याची मी तिला क्षमा केली — आणि तिने माझा हात घट्ट धरला. माझा अपराध हा आहे. तक्ता नव्हे, सही नव्हे. हा.

पुढचं सगळं त्यातूनच आलं. तीन आठवडे रोज ती पोकळी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. मी पाहत असे. सिस्टर मला सळई किती आत जाते ते दाखवत; धाग्याचं मात्र रोग्यापुढे बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. दोनदा शिवलं. तोवर तिचं दूध आटलं आणि पोर बाटलीवर गेली. ती घरी आली ती पोटाला पट्टा बांधूनच. भरलेली बादली तिने पुढे कधी उचलली नाही. दुसरं मूल नको, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तिचा कागद माझ्या टेबलावर आला. कोपऱ्यात मी लाल शाईने आकडा टाकला : सहाशे चौऱ्याहत्तर दशांश एक. बरोबर टाकला. कार्ड काढलं, सुवाच्य अक्षरात तिचा क्रमांक उतरवला, खण लावला. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. लाकडी खणाला मी खरं सांगितलं.

घरी आईला सुमनने स्वतःच भाताचं सांगून टाकलं. मग रोजचं सुरू झालं. “जिभेचे चोचले पोटाला भोवले.” “लेकराचं दूध भाताबरोबर गिळलं.” आई वाईट नव्हती. तिला जे माहीत होतं ते ती बोलत होती. माहीत असलेला माणूस पेपर तोंडापुढे धरून बसला होता.

एका रविवारी हिराबाई बरी होऊन घर शोधत आली, टोपलीत वाळलेले बोंबील घेऊन. आईने तिला उंबऱ्यातच धरलं. “आता काय आनलंस? आधीचं खाऊ घातलं त्यानं पोट भरलं नाही का तुजं?”

हिराबाईच्या तोंडाला एरवी कुणी लागत नसे. पण ती आतल्या खोलीकडे बघत म्हणाली, “सुमन, मना ठावं नव्हतं गो. ठावं असतं तर दिला नसता.” बोंबील पायरीवर ठेवून गेली. तिचंही पोट त्याच धाग्याने उसवलं होतं. ती मग पुन्हा आली नाही, आणि सुमननेही तिला बोलावलं नाही. थॉमस सिस्टर वर्षभरात आखाती देशात नोकरीला गेल्या. कच्च्या धाग्याचं खोकं केव्हातरी संपलं. कार्डावर पुन्हा महिनोन्‌महिने एखादीच ओळ पडू लागली.

सुमनने त्यानंतर घरात भात शिजवला, आमच्यासाठी. स्वतः क्वचितच वाढून घेई. बिल्डिंगमध्ये कुणी बाळंतीण झाली की ती आवर्जून जायची आणि समजवायची, भात खाऊ नका, मी खाल्ला आणि बघा माझं काय झालं. बायका मान डोलवत. मी बिनचूक नोंदींसाठी नावाजलेला माणूस. आणि माझी एक नोंद अशी तोंडातोंडी जिने चढत होती. शेवटाला मात्र ती प्रत्येकीला एक गोष्ट सांगायची. “पण आमच्या ह्यांनी एका शब्दाने दुखवलं नाही हो. दुसरा असता तर सोडून दिलं असतं.” हे मी दाराआडून ऐकलंय. एकदा नव्हे.

कधी बोलावंसं वाटलं का? वाटलं. पहिल्या वर्षी वाटलं की ती अजून कच्ची आहे, सोसणार नाही. तिसऱ्या वर्षी वाटलं की आता जखम भरली, कशाला? पाचव्या वर्षी — पाचव्या वर्षी मला तिची ती कृतज्ञता आवडायला लागली होती. हेही लिहून ठेवतो.

या वर्षी तिला कावीळ झाली आणि ती उतरली नाही. पोर गावी माझ्या आईकडे होती. दुपारची वेळ, खोलीत आम्ही दोघंच. ती पूर्ण शुद्धीत होती. म्हणाली, “एक विचारू? तेव्हा, भाताच्या वेळी, मनातून रागावला होतात ना माझ्यावर?”

“नाही.”

“खरं सांगा आता.”

“खरंच नाही, सुमन.”

“मला वाटायचं, रागावलाय, म्हणूनच तो विषय निघाला की उठून जाता.” ती थोडं हसली. “इतकी वर्षं तेच वाटत होतं. बरं झालं विचारलं.”

तिने डोळे मिटले. ती झोपली नव्हती. श्वासावरून मला कळत होतं. पंख्याची घरघर चालू होती, बाहेर बायका वाळवण काढत होत्या, कुणाची घाई नव्हती. मी पाणी आणतो म्हणून उठलो.

तिच्या उशाशी तांब्यात पाणी होतं.